जोडवी, गुडघे आणि पांढरा बेल्ट

पाचोऱ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. वय 42, शाळेत शिक्षिका, वजन 74 किलो. 12 वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून कराटेला जाते, तिला हिरवा बेल्ट मिळालाय. ताई आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लासबाहेरच्या बाकावर तासभर बसून असतात. "बसल्या जागी माझेच हात हलायला लागतात. आपणही उतरावं असं दोन वर्षांपासून मनात आहे. पण जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, माझ्या वर्गातली चार पोरं त्याच क्लासला येतात, आणि सासूबाई काय म्हणतील ते वेगळंच. हा संकोच घालवायचा कसा?"

ताई, घालवू नका. सोबत घेऊन या.

मी भुसावळला 16 वर्षं कराटे शिकवतेय, त्यातही मुख्यतः बायकांना. त्याआधी सात वर्षं नुसतं शिकत होते, आणि पहिल्यांदा पांढरा, म्हणजे नवशिक्यांचा बेल्ट बांधला तेव्हा मी 36 ची होते. एवढ्या वर्षांत आधी संकोच पुरता मोडला आणि मग क्लासला आली, अशी एकही बाई मला भेटली नाही. ज्या आल्या त्या संकोचासकट आल्या, दारात चपला काढताना परत फिरावं की काय असा चेहरा करून आल्या. आणि ज्यांना अजिबात संकोच नसतो, त्यांचीच मला जास्त धास्ती वाटते.

मधली तीन-चार वर्षं माझी पहाटेची बॅच सगळ्यांसाठी खुली होती. तेव्हा एक गृहस्थ आले, पंचेचाळिशीचे, कॉलेजात कबड्डी गाजवलेले. पहिल्याच दिवशी त्यांची लाथ छातीच्या वर. मी म्हटलं, भाऊ, सध्या कमरेखाली. तर म्हणे, "मॅडम, शरीराला सवय आहे." सवय होती, पण वीस वर्षांपूर्वीच्या शरीराला. तिसऱ्या आठवड्यात मांडीच्या मागचा स्नायू असा ओढला गेला की दीड महिना लंगडत होते. परत आले नाहीत. त्याच सुमाराला मेडिकल स्टोअरवर बसणाऱ्या एक वहिनी यायच्या. सहा महिने नुसत्या बघत होत्या, सातव्या महिन्यात उतरल्या, आणि उतरल्यावरही प्रत्येक नव्या गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न: "मला हे जमेल ना? नसेल तर दुसरं काय करू?" मी कधीकधी वैतागायचे. पण त्या प्रश्नामुळेच त्यांनी एकदाही काही मोडून घेतलं नाही. आज त्यांच्याकडे ब्राऊन, म्हणजे ब्लॅकच्या आधीचा बेल्ट आहे, आणि नव्या बायकांचा वॉर्मअप त्याच घेतात.

यामागे शरीराचं एक साधं गणित आहे. नियमित व्यायाम सुरू केला की स्नायू दीड-दोन महिन्यांत जोर धरतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र मागे राहतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या सावकाश बळकट होतात, आणि वय वाढेल तशा आणखी सावकाश. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात "आता आपल्याला जमतंय" असं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी ओढलं जातं. धीट माणूस तिथे जोर लावतो. संकोची माणूस थबकतो. चाळिशीपुढे ते थबकणंच कामाला येतं.

आता पोरांचं. पोरं हसतात, खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशी हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागतात. माझी पहिली चूक सुधारली ती तिसरीतल्या एका पोरानं. "काकू, डावा पाय पुढं. डावा! घड्याळ घालता ना, त्या बाजूचा." त्यानं ते कामच अंगावर घेतलं. स्वतःचं आटोपलं की धावत माझ्या शेजारी यायचा. आता तो रेल्वेत लागलाय. प्लॅटफॉर्मवर भेटला की हात जोडतो आणि सवयीनं माझ्या पायांकडे बघतो.

शिवाय काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली, आणि ज्या काताच्या वेळी तुम्हाला पोरांमध्ये उभं राहायचं आहे, तो मुळात शाळकरी पोरांसाठीच रचलेला आहे. ओकिनावा बेटावर इतोसु आन्को नावाचे गुरू होते. 1901 च्या सुमाराला त्यांनी कराटे शाळेत नेलं. जुने काता मुलांना जड जातात म्हणून त्यांनी पाच सोपे काता बसवले, त्यांचं नाव पिनान. पुढे शोतोकान शैलीत त्यांनाच हेइआन म्हणू लागले. पहिल्या हेइआन शोदानमध्ये 21 हालचाली आहेत आणि फिरून फिरून तेच चार-पाच प्रकार येतात. मुलीचा क्लास शोतोकानचा असेल तर तुम्ही बाकावरून तो शंभरदा पाहिला असेल. तुमचे हात हलतात म्हणता ना, ते बहुधा तेच करत असतील. म्हणजे तुम्ही कोऱ्या पाटीच्या नाही.

तुमच्या वर्गातली चार पोरं ही गोष्ट जरा वेगळी आहे हे मान्य. फळ्यासमोर उभी राहणारी बाई शेवटच्या रांगेत उभी राहून उजव्याऐवजी डावा हात टाकते, हे पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत सांगणारच. माझा सल्ला असा, की त्यांच्या आधी तुम्हीच वर्गात सांगून टाका. बातमी फुटायच्या आत तुमच्या तोंडून गेली की तिच्यातली गंमत संपते. फुनाकोशी गिचिन, ज्यांनी ओकिनावातलं कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजवलं, तेही पेशानं शाळामास्तरच होते. 1922 साली प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले ते तिथेच राहिले. वय 53. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जागा मिळाली, तिच्या बदल्यात अंगण झाडायचे, बागेचं काम करायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. मास्तरकी करून झाल्यावर परक्या शहरात झाडू धरताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

पण पोरांपेक्षा मोठा प्रश्न तुमच्या मुलीचा आहे, आणि तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. क्लास ही तिची जागा आहे. तिथे ती कुणाची तरी मुलगी म्हणून ओळखली जात नाही, हिरव्या बेल्टची सीनियर म्हणून ओळखली जाते. 12 वर्षांच्या पोरीला अशी जागा घरात मिळत नाही, शाळेत मिळत नाही, आणि तुम्ही त्याच शाळेत असाल तर मुळीच नाही. आता तिथेही आई येणार. रांग बेल्टप्रमाणे लागते, म्हणजे ती पुढे आणि तुम्ही मागे. जोडीचा सराव आला तर ती तुमच्यापुढे झुकेल, तुम्ही तिच्यापुढे झुकाल. काही मायलेकींना यात मजा येते. एक मुलगी माझ्याकडे आई आल्यावर दोन महिन्यांत क्लास सोडून गेली होती, आणि कारण तिच्या आईच्या आणि माझ्या लक्षात फार उशिरा आलं. म्हणून आधी तिला विचारा. नुसतं "मी येऊ का" असं विचारलंत तर ती हो म्हणेल, मुली हो म्हणतात. "मी तुझ्याच बॅचला येऊ की दुसऱ्या?" असं विचारा. दुसऱ्या म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. आणि एकाच बॅचला गेलात तर गाडीवर घरी जाताना तिची चूक सांगायची नाही. तिनं तुमची सांगितली तर ऐकून घ्यायची.

सासूबाई. माझ्या सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "हे काय काढलं वं आता? पोरं मोठी झाली, नि तू उड्या माराले चालली?" कराटेला त्यांचा विरोध नव्हता हे मला पुढे कळलं. त्यांचा जीव अडकला होता जोडव्यांत. आपल्याकडे लढणं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो यात्रेतला आखाडा, लाल माती, लंगोट लावलेले पैलवान, सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या. चोपड्याकडच्या माझ्या माहेरच्या गावात बाया त्या बाजूला फिरकायच्यासुद्धा नाहीत. त्यात सून जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र काढून जाणार म्हणजे काय समजायचं?

आता यातलं काय खरंच काढावं लागतं ते सांगते, कारण पुरुष शिक्षक याबद्दल बोलायला लाजतात. मंगळसूत्र काढायचंच. जोडीच्या सरावात बोट अडकलं तर तुमची मान कापली जाते किंवा समोरच्याचं बोट. काचेच्या बांगड्या काढायच्या. त्या फुटून फरशीवर पडल्या की अनवाणी पोरांच्या पायात जातात. जोडवी हा खरा वादाचा मुद्दा. लाथ मारताना पायाची बोटं मागे वळवून चवडा पुढे काढायचा असतो, तिथे जोडवं बोटाला कापतं आणि ज्याला लागतं त्यालाही कापतं. पण घट्ट बसली असतील आणि काढायची नसतील, तर मेडिकलमध्ये मिळणारी कापडी चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळा. पहिलं वर्षभर जोडीत लाथा मारायच्या नसतात, तेव्हा एवढं चालतं. मी दोन वर्षं पट्टी गुंडाळून गेले. एके दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "रोज रोज ते काय चिकटवत बसते, काढून ठेव ना वं त्या डबीत." डबी त्यांनीच दिली. केसांना रबर लावा, लोखंडी पिन किंवा क्लचर नको. नखं कापा. पहिला महिना सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट चालते, ओढणी मात्र घरी. कराटेचा ड्रेस लगेच शिवून घेऊ नका. आणि घरी परवानगी मागू नका, वेळापत्रक सांगा. "मी जाऊ का" म्हटलं की चर्चा सुरू होते. "सोमवार-गुरुवार मी साडेसातला येईन, कणीक मळून ठेवते" म्हटलं की फक्त कणकेवर बोलणं होतं.

गुडघ्यांकडे येते, कारण पत्रातला खरा मजकूर तोच आहे.

जिना उतरताना दुखणं याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की मांडीच्या पुढचे स्नायू अशक्त आहेत आणि शरीराचा भार त्यांनी पेलायचा तो गुडघ्यावर येतोय. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. गुडघ्यावर सूज येत असेल, तो अडकत असेल किंवा चालता चालता दगा देत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ब्लडप्रेशर आणि साखर तपासून घ्या. चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल तर क्लासचा विषय तूर्त बाजूला ठेवा आणि हृदयाची तपासणी करून घ्या. हे सगळं ठीक निघालं, की घरी एक महिना दोनच गोष्टी करा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आणि भिंतीला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, अर्धा मिनिट, दोन्ही पायांवर. भाजीला फोडणी टाकून झाली की ओट्यापाशी उभ्या उभ्या होतं. याच्या जोडीला अर्धा तास भराभर चालणं. महिन्यानं खुर्चीवरून उठणं सोपं वाटलं तर तुम्ही तयार आहात. 74 किलो वजन ही अडचण नाही. आधी वजन उतरवते मग येते म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, त्या अजून उतरवतायत.

क्लासमध्ये गुडघा बिघडतो तो दोन जागी. पहिली जागा म्हणजे पुढच्या पायावर भार देऊन उभं राहण्याची, झेनकुत्सु दाची. पुढचा गुडघा पावलाच्याच दिशेला हवा, आत कलंडायला नको. खाली किती बसायचं हे पोरांकडे बघून ठरवू नका. पोरं जमिनीला टेकतात, तुम्ही अर्ध्यावर थांबा. दुसरी जागा म्हणजे गोल फिरून मारायची लाथ, मावाशी गेरी. तिच्यात लाथ मारणाऱ्या पायापेक्षा उभा पाय महत्त्वाचा. त्याची टाच कमरेबरोबर फिरलीच पाहिजे. पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि कंबर मात्र फिरली, तर मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो, ओल्या कपड्यासारखा. नव्या फोमच्या मॅटवर पाऊल जास्त चिकटतं, हे लक्षात ठेवा. शहाबादी फरशीवर उलटं, धूळ असली की घसरतं. बेडूकउड्या, बदकचाल, पूर्ण खाली बसून लाथा मारत पुढे जाणं, हे प्रकार वॉर्मअपला आले की सरळ बाजूला उभं राहून तुमचं खुर्चीचं उठणं-बसणं करा. सर काही म्हणाले तर गुडघ्याकडे बोट दाखवा. त्यावर कुणी वाद घालत नाही.

आणखी एक, जे मला बायका तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कानात सांगतात. उडी मारताना, जोरात श्वास सोडताना थेंब-दोन थेंब लघवी होते. बाळंतपणं झालेल्या बायकांत हे इतकं सर्रास आढळतं की मी आता पहिल्याच दिवशी विषय काढते. या एका कारणानं काहीही न सांगता क्लास सोडलेल्या बायका असतील, माझी खात्री आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. लघवी रोखताना जे आवळतो, तेच आवळायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं आणि पूर्ण सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. तीनेक महिने नेमानं केलं तर पुष्कळींना फरक पडतो. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, यावर उपचार आहेत. तोवर क्लासच्या आधी जाऊन यायचं, पॅड लावायचं आणि उड्यांच्या वेळी जागच्या जागी पाय उचलायचे.

याच्याच शेजारची गोष्ट म्हणजे कियाई, ती आरोळी. माझ्या अनुभवात मार खाण्यापेक्षा बायका या आरोळीला जास्त घाबरतात. घरात पोरांवर, दारात भाजीवाल्याशी आपला आवाज चार घरं ऐकतात, पण रांगेत उभं राहून पोटातून "एइ!" करा म्हटलं की घशातून मांजराचं पिल्लू बाहेर पडतं. मी स्वतः पहिले चार महिने नुसते ओठ हलवले. कियाई काही दिखावा नाही. नवशिका माणूस जोर लावताना श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. आवाज काढला की श्वास सुटतो, पोट आवळलं जातं, कंबर सांभाळली जाते. आवाज येत नसेल तर नुसता फुसकन श्वास सोडा, चुलीवर फुंकर घालता तसा. आवाज मागाहून येतो.

तो आला की कुठे उपयोगी पडतो ते सांगते. जळगावहून चोपड्याला जाणाऱ्या एसटीत एक इसम माझ्या पाठीला खेटून उभा होता, गर्दीच्या नावाखाली. पूर्वीची मी असते तर पुढे सरकले असते, आणखी पुढे, ड्रायव्हरच्या मांडीवर बसेपर्यंत. त्या दिवशी पोटातून दोन शब्द निघाले, "मागे सरका!" कंडक्टरसकट सगळी गाडी वळली. एक ठोसा नाही, एक लाथ नाही. खरं सांगायचं तर 23 वर्षांत मी क्लासबाहेर कुणाला हात लावलेला नाही. म्हणून कुणी "तीन महिन्यांत स्वसंरक्षण" असं सांगत असेल तर मी तरी विश्वास ठेवत नाही. सहा महिन्यांच्या कराटेवर चाकूवाल्याशी भिडायचं नसतं. पर्स फेकायची, ओरडायचं आणि पळायचं. अंतर ओळखणं, पाय रोवून उभं राहणं आणि आवाज, एवढं पहिल्या वर्षात हाती लागतं.

जोडीचा मुक्त सराव, कुमिते, पहिलं वर्षभर नाही म्हणा. दुसऱ्याला लागेल म्हणून आपलाच हात आखडतो हे पुष्कळींचं होतं, ते आपोआप सुटतं. चष्मा असेल तर त्या सरावात काढायचा, तोंडात गार्ड घालायचा. एवढं पुरे.

कराटेच का, ज्युदो का नको, तायक्वांदो का नको, हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल. जो क्लास घरापासून पंधरा मिनिटांवर आहे तीच तुमची कला. ज्युदो सुंदर आहे, पण चांगला जाड मॅट आणि आधी नीट पडायला शिकवणारा माणूस नसेल तर चाळिशीत खांदा जातो. तायक्वांदोत लाथा उंच, म्हणजे खुब्याला त्रास. बाकी शिक्षक चांगला असेल तर तिन्हींत सारखीच मजा आहे.

शिक्षकाबद्दल मात्र चोखंदळ राहा, आणि तुम्हाला तर फुकटची सोय आहे. तीन वर्षं तुम्ही त्यांना बघताय. ते सगळ्यात मागे पडणाऱ्या पोराशी कसे वागतात ते आठवा. पुढच्या चार चुणचुणीत पोरांशी सगळेच चांगले वागतात. हातात छडी असते का? पाय सुधारताना न विचारता हात लावतात का? त्यांनी तिशीपुढच्या कुणाला शिकवलंय का, ते सरळ विचारा. मी पहिल्या वर्षी ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी पाय फाकवून बसवलं आणि एका धट्ट्याकट्ट्या मुलाला माझ्या पाठीवर भार द्यायला सांगितलं. जांघेत काहीतरी तुटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. तीन महिने घरी. ते वाईट नव्हते, पोरांना तसंच करायचे आणि पोरांना ते सोसायचं. तेव्हापासून माझ्या वर्गात कुणी कुणाच्या पाठीवर भार देत नाही. सुरुवातीला अंग हलवत मोकळं करायचं, ताण देऊन स्थिर बसणं शेवटी, घाम आल्यावर, आणि तेही आपलं आपण. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, तिसऱ्या दिवशी जास्त दुखतील, ते ठीक. सांध्यात एकाच जागी टोचणारी कळ किंवा सूज मात्र ठीक नाही. तेव्हा थांबायचं.

पैशांचंही पहिल्याच दिवशी विचारून घ्या. फी किती, बेल्टची परीक्षा वर्षातून किती वेळा, प्रत्येक परीक्षेचे किती, सर्टिफिकेट कोणत्या संघटनेचं. संघटनांची भाऊगर्दी आहे आणि वर्षभरात ब्लॅक बेल्ट देणारेही आहेत. नियमित सराव केला तरी चार-पाच वर्षं लागतात. मला सात लागली. बेल्टची पद्धत मुळात ज्युदोची, ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी 1882 साली कोदोकान ही आपली शाळा काढली त्यानंतरची. फुनाकोशींनी ती कराटेत घेतली. कानो यांच्या एक विद्यार्थिनी होत्या, फुकुदा केइको. उंची पाच फुटांच्या आत. ज्युदो सुरू केलं तेव्हा विशी ओलांडलेली. कोदोकानमध्ये तेव्हा बायकांना पाचव्या दानच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पाचव्या पायरीच्या वर जाऊ देत नसत, त्यांना सहावा मिळाला तो 1972 साली. तोवर त्या शिकवत राहिल्या, आणि नव्वदी उलटल्यावरही शिकवत होत्या. बेल्ट कधी मिळेल हे कुणी विचारलं की मला त्या आठवतात आणि उत्तर द्यायचा कंटाळा येतो.

सुरुवात कधी करायची? एप्रिल-मे सोडून. आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. त्यात आखाजी, माहेरवाशिणी, लग्नसराई. एप्रिलमध्ये आलेल्या दहांपैकी जूनला दोघी दिसतात. पहिला पाऊस पडून शाळा सुरू झाल्या की या, नाहीतर दिवाळीनंतर. आठवड्यातून दोनच दिवस, तिसरा नको. पहिल्या महिन्यात डाव्या-उजव्याचा घोळ होईल. दुसऱ्या महिन्यात चक्क कंटाळा येईल, कारण तोच ठोसा हजारदा मारायचा असतो. लोक संकोचानं क्लास सोडतात असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडे तरी सोडणाऱ्या बहुतेक जणी या कंटाळ्यात सोडतात, किंवा घरच्या लग्नात दोन आठवडे बुडाले आणि परत यायची लाज वाटली म्हणून. खाडा झाला तरी या. आम्ही विचारत नाही.

संकोच साधारण तिसऱ्या आठवड्यात विरतो, आणि तो विरला की मी जास्त लक्ष ठेवते. त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी छातीएवढी लाथ मारून बघतं.

तेव्हा मुलीला विचारा, डॉक्टरांकडे जाऊन या, महिनाभर खुर्चीवरून उठा-बसा. पाण्याच्या बाटल्या दोन घ्या, कारण ती तुमची संपवेल. बाकावरची पर्स आणि दप्तर कोण सांभाळणार हा प्रश्न राहतोच. आमच्याकडे त्यासाठी दाराजवळ एक मोठा खिळा ठोकलाय.